चिकट चिनी रबर ‘मेलं’ असं वाटतंय? नवं लावण्याआधी हे तपासा

जून संपत आला की टेबल टेनिस खेळणाऱ्यांची ही तक्रार सुरू होते आणि नवरात्रापर्यंत थांबत नाही. फोरहँडला डीएचएस या चिनी कंपनीचं हरिकेन ३ आहे, किंवा ७२९ नाहीतर यिन्हेचं एखादं चिकट रबर आहे. उन्हाळ्यात मस्त चालत होतं. आता टॉपस्पिन (चेंडू पुढे फिरवत मारलेला फटका) नेटमध्ये जातो, ब्लॉक (समोरचा जोराचा चेंडू नुसती बॅट धरून परतवणं) खाली पडतो, सर्व्हिसमध्ये दम राहिलेला नाही. निदान ठरलेलं असतं : रबर मेलं. मग नवं रबर मागवलं जातं, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे.

दुसरी तक्रार बारमाही आहे. इतकी वर्षं टेनर्जीसारखं जपानी किंवा एखादं जर्मन टेन्शन रबर, म्हणजे चेंडू स्वतःच उडवून देणारं रबर, वापरलं, मग चीनच्या खेळाडूंचा फोरहँड बघून हरिकेन लावलं, आणि पहिल्या दिवसापासून चेंडू पलीकडे जाईना.

दोन्ही चेंडू नेटमध्येच जातात, म्हणून दोन्हींवर एकच इलाज केला जातो. पण पहिल्यात चेंडू रबरावरून सटकतोय, तर दुसऱ्यात रबराने चेंडू नीट पकडलाय, फक्त पुढे ढकलायला मागे जोर नाही. पहिल्याचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसेही जातात आणि खेळही बिघडतो. म्हणून आधी दहा मिनिटं काढून आपल्या बॅटला नेमकं काय झालंय ते बघा.

सटकतंय की कमी पडतंय?

सगळ्यात सोपी खूण ब्लॉक आणि पुश या दोन फटक्यांत सापडते. समोरून टॉपस्पिन आला आणि तुम्ही नेहमीच्या कोनात बॅट धरलीत, तर पकड असलेल्या रबरावर चेंडू वर उसळतो. रबर सटकत असेल तर समोरच्याचा स्पिन रबराला लागतच नाही, आणि तोच कोन चेंडूला नेटमध्ये घालतो. पुशचं, म्हणजे कट चेंडू हळूच ढकलून परतवण्याचं, याच्या उलट. समोरून कट (उलटा फिरणारा चेंडू) आला की पकड असलेल्या रबरावर चेंडू खाली ओढला जातो, म्हणून आपण बॅट थोडी उघडतो, म्हणजे तिचं तोंड वर करतो. रबर सटकत असेल तर तीच उघडी बॅट चेंडू वर तरंगवते आणि समोरचा तो मारून टाकतो. एकाच दिवशी ब्लॉक खाली आणि पुश वर जात असतील, तर दोष हाताचा नाही. रबराच्या पृष्ठभागावर काहीतरी बसलंय.

दुसरी चाचणी सर्व्हिसची. टेबलाच्या एका बाजूला उभं राहून हळू, जास्तीत जास्त कटची सर्व्हिस करा. पलीकडच्या अर्ध्यात पडलेला चेंडू थांबला पाहिजे, आणि हात चांगला असेल तर नेटकडे परत आला पाहिजे. चिकट रबराचं खरं बळ इथेच असतं, कारण या फटक्यात आतल्या मऊ स्पंजाचा फारसा संबंध येत नाही, सगळं काम वरच्या टॉपशीटचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या रबराच्या थराचं. एरवी तुमचा चेंडू परत येतो आणि आज नुसता पुढे घरंगळतोय, तर पृष्ठभाग तपासा. सर्व्हिस नेहमीसारखीच फिरतेय आणि तरीही टॉपस्पिन नेटमध्ये जातोय, तर रबर ठणठणीत आहे. मग खाली फटक्याबद्दल लिहिलंय तो भाग वाचा.

तिसरी खूण बघायला मजा येते. हातातून चेंडू टेबलावर टाकून, एकदा उसळू देऊन, त्यावर टॉपस्पिन मारा. नेटमध्ये गेलेला चेंडू काय करतो ते बघा. टॉपस्पिन असलेल्या चेंडूचा पुढचा भाग खाली फिरत असतो, त्यामुळे जाळीला टेकला की तो जाळीवर चढायला बघतो. स्पिन नसलेला चेंडू आपटून तसाच खाली पडतो. चेंडू चढत असेल तर पकड आहे, जोर नाही. नुसता पडत असेल तर पकडच नाही. ही चाचणी स्वतः टाकलेल्या चेंडूवरच करायची. समोरून आलेल्या कटवर केली तर फसाल, कारण सटकलेला चेंडू कटचं जुनं फिरणं तसंच घेऊन परत जातो आणि ते आता टॉपस्पिनसारखं वागतं.

रबरावर चेंडू दाबून बॅट उलटी करायची आणि तो किती वेळ लटकतो ते मोजायचं, ही चाचणी मात्र मी मानत नाही. २.७ ग्रॅमचा चेंडू उचलून धरणं आणि वेगाने घासताना त्याला पकडणं ही दोन वेगळी कामं आहेत. थोडं वापरलेलं हरिकेन चेंडू अजिबात उचलत नाही आणि तरीही नव्यापेक्षा सरस खेळतं, हे नेहमी दिसतं.

पावसाळा : पाण्याचा पातळ थर

मुंबईत, ठाण्यात, कोकणात, गोव्यात पावसाळ्यातल्या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. टेन्शन रबराची पकड बरीचशी टॉपशीट आणि स्पंज ताणले जाण्यातून येते. चिकट रबराची पकड मोठ्या प्रमाणात पृष्ठभागाच्या चिकटपणावर उभी असते. मध्ये पाण्याचा थर आला की तो चिकटपणा चेंडूपर्यंत पोचत नाही. टेन्शन रबरही ओलाव्यात सटकतं, पण चिकट रबराचं नुकसान जास्त जाणवतं.

हे पाणी कुठून येतं? घामाचं आणि ओल्या हाताचं तर असतंच, पण मोठा वाटा दवाचा असतो आणि त्याकडे कोणी बघत नाही. जुलैमध्ये मुंबईच्या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे २५ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी जमतं. तुम्ही ऑफिसातून २२ अंशांच्या एसीमधली बॅग उचलता, एसी गाडीतून हॉलवर येता आणि कव्हर उघडून लगेच खेळायला लागता. गार रबरावर दव धरतं. डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की काचेसारखं लागतं. पुसलं तरी दोन रॅलीत परत येतं, कारण रबर अजून गारच असतं. खेळाडू वैतागतो, पुसत बसतो आणि अर्ध्या तासाने म्हणतो की "आता जरा बरं चालतंय". तोवर रबर हॉलच्या तापमानाला आलेलं असतं.

उपाय अगदी साधा आहे. हॉलवर पोचल्यावर बॅट कव्हरमध्येच, बंदच ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं तिला तिथल्या उष्णतेला येऊ द्या. तोवर अंग गरम करा. बंद कव्हरमधली हवा थोडी आणि कोरडी असते, म्हणून दव आत धरत नाही. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या असू द्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदला. शक्य असेल तर पावसाळ्यात बॅट दिवसभर एसीत ठेवूच नका.

खेळताना दोन नॅपकिन लागतात, एक अंगासाठी आणि एक फक्त बॅट-चेंडूसाठी. एकच वापरलात तर घामातलं मीठ आणि तेल तुम्हीच रबरावर चोपडताय. सामन्यात दर सहा गुणांनंतर टॉवेल वापरायची मुभा नियमातच आहे. ती घ्या, आणि तेव्हा चेंडूही पुसा. ओला चेंडू कोरड्या रबरावरूनही सटकतो. सर्व्हिस करणारा हात ओला असेल तर चेंडू दर वेळी नव्याने ओला होतो, म्हणून सर्व्हिसआधी तळवा पुसून घ्या. नेटजवळच्या टेबलाच्या कोपऱ्यावर खेळाडू हात पुसताना दिसतात ते त्यासाठीच.

रबरावर तोंडाची वाफ सोडून तळव्याने पुसायची सवय अनेकांना असते. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये ती चालते, धूळ निघते. मुंबईच्या जुलैत ती सोडा, हवेत आहे तेवढं पाणी पुरेसं आहे. आणि हेअर ड्रायर, गाडीच्या काचेखालचं ऊन, गॅसजवळची ऊब यांपैकी काहीही वापरू नका. चिकट टॉपशीट उष्णतेने लवकर कडक होतं.

धूळ आणि चेंडूची भुकटी

चिकट पृष्ठभाग चेंडू पकडतो तसा कचराही पकडतो. जमिनीवरून उचललेल्या प्रत्येक चेंडूबरोबर थोडी माती येते. सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या फरशीवर तर विचारायलाच नको. पण एक गोष्ट कित्येकांना माहीत नसते : २०१४ नंतर आलेल्या प्लास्टिकच्या चेंडूंवर नवे असताना बारीक भुकटी असते. सरावासाठी डबाभर नवे चेंडू उघडले आणि त्याच दिवशी चिकट रबर ‘मेलं’, असं झालं असेल तर ते हेच. नवे चेंडू कोमट पाण्यात चोळून धुवा, फडक्यात वाळवा आणि मग खेळा.

रबर साध्या पाण्याने धुवायचं. मऊ स्पंज ओला करून पिळून घ्या, हँडलकडून टोकाकडे पुसा, स्पंज धुऊन पुन्हा एकदा पुसा. स्वच्छ दिसलं तरी दोनदा. मग बॅट उभी ठेवून हवेवर वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे खरोखर कोरडं लागल्यावरच, न चिकटणारी प्लास्टिकची फिल्म लावा. ओलं असताना फिल्म लावली तर रात्रभर पाणी आतच राहतं. फिल्म लावताना एका कडेकडून दाबत न्या, हवेचे फुगे राहू देऊ नका.

साबण, स्पिरिट, पेट्रोल, कोलन यांपैकी काहीही लावू नका. खोबरेल तेल लावून चिकटपणा परत येतो असं सांगणारे भेटतात. येतो तो तेलाचा बुळबुळीतपणा असतो, आणि नियमाच्या दृष्टीने तो रबरावर केलेला उपचारही ठरतो.

फटका : इथे सगळ्यात जास्त चूक होते

आता दुसरी तक्रार. चाचण्यांत सर्व्हिस फिरली, नेटमधला चेंडू जाळीवर चढला, म्हणजे पकड आहे. तरी चेंडू पलीकडे जात नाही. इथे रबर बदलणं म्हणजे आजार एकाला आणि औषध दुसऱ्याला.

आधी हे रबर कसं बनलंय ते लक्षात घ्या. हरिकेन ३ चा स्पंज कडक असतो. पाकिटावर ३९, ४०, ४१ असे अंश लिहिलेले असतात, पण ते चिनी मोजणीचे. जर्मन रबरांवरचे ४५ किंवा ४७ अंश वेगळ्या मोजणीचे असतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘३९ म्हणजे ४७ पेक्षा मऊ’ असा अर्थ काढणारे खूप आहेत, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. ३९ अंशांचं हरिकेन हातात घेतल्यावर ४७ अंशांच्या जर्मन रबरापेक्षा कडक लागतं. शिवाय टेन्शन रबरात चेंडू उडवून देणारी जी स्प्रिंग बसवलेली असते, ती इथे नाही. हळू लागलेला चेंडू मेल्यासारखा पडतो. शॉर्ट पुश आणि सर्व्हिस परतवताना हे वरदान आहे, चेंडू टेबलावर दोनदा पडेल इतका आखूड ठेवता येतो. पण अर्ध्या मनाने मारलेल्या टॉपस्पिनला रबर काहीच मदत करत नाही.

टेन्शन रबरावर नुसतं वरच्यावर घासलं तरी चालून जातं, कारण चेंडू पुढे नेण्याचं काम स्पंज करतो. तीच सवय घेऊन हरिकेनवर घासलं की चेंडू गरगर फिरतो आणि नेटच्या मध्यावर जाऊन अडकतो. ‘चिकट आहे, म्हणजे जास्त घासायचं’ हा समज नेमका उलटा आहे. घासण्याची काळजी टॉपशीट घेतं. तुमचं काम चेंडू स्पंजात रुतवण्याचं. आधी चेंडूच्या मागून आत शिरायचं, चेंडू रुतलाय हे हाताला कळलं पाहिजे, आणि त्याच क्षणी पुढे-वर घासत बाहेर पडायचं. हे दोन वेगळे टप्पे नाहीत. एकाच हालचालीची सुरुवात जाड आणि शेवट पातळ असतो.

कान यात फार मदत करतो. नुसतं घासल्यावर जवळजवळ आवाज येत नाही. सपाट मारल्यावर ‘टॉक’ असा लाकडाचा आवाज येतो. बरोबर लागलेल्या चेंडूचा आवाज या दोन्हींच्या मध्ये, जरा दबका आणि भरीव असतो. एकटे असाल तर हातातून चेंडू टाकून, टेबलापासून तीन-चार पावलं मागे उभं राहून, पलीकडच्या भिंतीपर्यंत टॉपस्पिन मारा. नेट आणि टेबल विसरा, फक्त चेंडू लांब आणि फिरत जाऊ द्या. नुसतं घासून तो भिंतीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे शरीर आपोआप रुतवायला शिकतं. मग पाऊल पाऊल टेबलाजवळ या.

मनगटाच्या झटक्यावर हे रबर चालत नाही. पाय, कंबर, खांदा, मग हात, असा जोर खालून यावा लागतो. चीनच्या मा लाँगचा किंवा त्याच्या आधीच्या पिढीतल्या वांग लिचिनचा फोरहँड संथ करून बघा. दोघांनीही हरिकेनवरच खेळ उभा केला. हात बराच मोकळा आणि लांब, सुरुवात खालून, आणि चेंडूला भेटेपर्यंत कंबर वळून झालेली. आपल्याकडे कोपर अंगाला चिकटवून, कपाळापर्यंत आखूड सलाम ठोकल्यासारखा टॉपस्पिन शिकवतात. तो मऊ रबरासाठी ठीक आहे, हरिकेनवर नाही. त्यासाठी कोणी प्रशिक्षकाशी वाद घालू नका, पण हात थोडा लांब घेऊन बघा, फरक त्याच दिवशी कळेल.

कटवर मारताना बहुतेकजण बॅट जास्त मिटवतात (तोंड खाली झुकवतात), कारण टीव्हीवर चिनी खेळाडूंची बॅट मिटलेली दिसते. त्यांच्या फटक्याचा वेग तितका असतो म्हणून ते जमतं. तुम्ही सुरुवातीला बॅट थोडी उघडी ठेवा आणि गुडघे वाकवून बॅट गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली न्या. फटक्याचा वेग वाढेल तसतशी बॅट मिटवत आणा. चेंडू उतरायला लागल्यावर मारू नका, उसळीच्या टोकाला पकडा. उशिरा पकडलेला चेंडू वर उचलायला स्प्रिंग लागते आणि ती या रबरात नाही.

एक गोष्ट मी स्पष्टच सांगेन. आठवड्यातून दोनदा, तास-दीड तास खेळणाऱ्याने ४१ अंशांच्या वाटेला जाऊ नये. ३९ घ्या. राष्ट्रीय संघाच्या निळ्या स्पंजाचं आकर्षण समजू शकतो, पण तो स्पंज दाबायला लागणारा वेग रोज कित्येक तास सराव करणाऱ्यांकडे असतो. आणि बॅकहँडला हरिकेन लावायचा हट्ट नको. बॅकहँडचा फटका आखूड असतो, तिथे स्प्रिंगची गरज जास्त. खुद्द चीनच्या अनेक अव्वल खेळाडूंनी फोरहँडला हरिकेन आणि बॅकहँडला जपानी किंवा जर्मन टेन्शन रबर ठेवलं, ते उगीच नाही. वजनाचाही विचार करा : कापून बसवलेलं हरिकेन ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन्ही बाजूंना तेच लावलं तर बॅट पुढे ओढते, हात उशिरा येतो आणि पुन्हा चेंडू नेटमध्ये जातो.

‘पहिले काही आठवडे छान, मग ठप्प’

ही तक्रार वरच्या दोन्हींत बसत नाही. पूर्वी स्पीड ग्लू लावून स्पंज फुगवत असत. २००८ च्या ऑलिंपिकनंतर त्यावर बंदी आली. मग कारखान्यातच स्पंजावर प्रक्रिया केलेली डीएचएसची ‘निओ’ मालिका आली. नवं निओ पाकिटातून काढल्यावर जरा कमानीसारखं वळलेलं असतं ते त्यामुळे. हा फुगवटा हळूहळू उतरतो. उतरला की वेग थोडा कमी होतो आणि रबर आक्रसतं. बॅटच्या कडेला लाकडाची बारीक पट्टी दिसायला लागते किंवा कडा सुटतात. रबर मेलेलं नाही, ते आपल्या मूळ रूपावर आलंय. खरेदी करताना या मूळ रूपाचाच विचार करायचा. कापताना कड अगदी लाकडाला लावून न कापता एखादा मिलिमीटर जास्त ठेवली तर आक्रसल्यावर उघडं पडत नाही.

या टप्प्यावर कोणीतरी बूस्टर, म्हणजे स्पंज पुन्हा फुगवणारं द्रव्य, सुचवतंच. रबर मंजूर झालं त्याच स्वरूपात, कसलीही भौतिक किंवा रासायनिक प्रक्रिया न करता वापरायचं, असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आहे. काही खेळाडू बूस्टर लावतात हे सर्वांना माहीत आहे, पण तेवढ्याने ते नियमात बसतं असं नाही. शाळा-कॉलेजच्या मुलांना तर हे कोणी शिकवूच नये. बूस्टर लावलेलं रबर काही आठवड्यांनी उतरतं, मग पुन्हा लावा, पुन्हा उतरतं, आणि हाताला एकाच रबराची सवय कधीच होत नाही. स्प्रिंग हवीच असेल तर चिकट टॉपशीट आणि उसळता स्पंज असलेली डिग्निक्स ०९सी किंवा हायब्रिड के३ सारखी रबरं आहेत. महाग आहेत, पण नियमात आहेत.

खरंच संपलंय हे कसं ओळखायचं

रबर धुवा, पूर्ण वाळवा, मग कोरड्या बोटाने दोन जागा तपासा : जिथे चेंडू रोज लागतो ती मधली जागा, आणि हँडलजवळची, जिथे तो कधीच लागत नाही. बोट दोन्हीकडे जवळजवळ सारखंच अडखळलं तर रबरात अजून जीव आहे. कडेला अडखळतं आणि मध्ये सरळ निसटतं, मधला भाग धुतल्यावरही धुरकट दिसतो, सर्व्हिसच्या चाचणीत चेंडू कोरड्या दिवशीही थांबत नाही, तर बदला. टॉपशीटखालचे दाणे तुटून पृष्ठभागावर बारीक खळगे दिसत असतील तर चाचणीचीही गरज नाही.

नवं रबर पावसाळ्यात चिकटवताना घाई करू नका. पाण्याचा ग्लू पांढरा असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. दमट हवेत याला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळही लागू शकतो. स्पंजावर दोन पातळ थर द्या, पहिला पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय दुसरा देऊ नका. लाकडावर एक पातळ थर पुरे. कुठेही पांढरा ठिपका दिसत असेल तर थांबा, कारण आत अडकलेलं पाणी बाहेर पडायला जागा नसते आणि तिथेच फुगा धरतो. बसवताना रबर ओढू नका, हँडलकडून नुसतं टेकवत पुढे न्या आणि गोल बाटली हलकी फिरवा. रात्रभर वह्या-पुस्तकांच्या वजनाखाली ठेवून सकाळी कापा.